हेर्मोनमधलं मोठं आसन

ब्लेनार्थमध्ये नेस्टा हॉवेल्सचं नाव काढलं की आजही कोणीतरी म्हणतंच, "गुणी बाई हो! हेर्मोन चॅपल पाडून फ्लॅट बांधले नाहीत तिने. जपलं." मला हसू आवरत नाही. जपलं म्हणे! मांजर उंदराच्या बिळाला जपतं, तसं जपलं.

आमच्या खोऱ्यात चॅपल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर, बंद पडण्याचं कोणाला नवल उरलेलं नाही. म्हातारे मातीखाली गेले, तरुण कार्डिफला गेले, आणि उरलेले गुडघे धरून बसले. एका चॅपलमध्ये गालिचे विकतात, दुसऱ्यात तरुण पोरं वजनं उचलतात. हेर्मोनचं तर शेवटी असं झालं होतं की ऑर्गन वाजवणारी बाईच सगळ्यात मोठ्याने गायची, कारण गायला दुसरं होतं कोण? छपरातून पाणी, भिंतींना ओल, गॅलरीत कबुतरं. मग विश्वस्तांनी ते विकायला काढलं आणि नेस्टाने घेतलं.

नेस्टाचा धंदाच तो. ठेंगणी, रुंद खांद्याची बाई, साठीला टेकलेली, हात गवंड्यासारखे. मोडकळीला आलेली इमारत घ्यायची, तिचं घर करायचं, विकायचं, पुढची घ्यायची. वरच्या वस्तीतलं जुनं रेल्वे स्टेशन तिने केलं. तिथली मालकीण अजून तिकीटखिडकीतून नवऱ्याला जेवणाचं ताट देते. पोलीसचौकी केली, तर कोठडीचं लोखंडी दार स्वयंपाकघराला लावलं. तिचा एक नियम होता. इमारतीतली एक वस्तू जशीच्या तशी ठेवायची, तिला रंधाही लावायचा नाही. "घराला आपण कोण होतो ते विसरू द्यायचं नसतं," असं ती म्हणायची, आणि गिऱ्हाइकांना ते फार आवडायचं.

हेर्मोनमध्ये तिने मोठं आसन ठेवलं.

ज्याने आमची चॅपल पाहिली नाहीत त्याच्यासाठी सांगतो. व्यासपीठाच्या पायथ्याशी गोल कठड्याने वेढलेला एक चौथरा असतो, आत बाकं. तिथे चॅपलचे कारभारी बसतात, सगळ्या मंडळींकडे तोंड करून. पाद्री येतात-जातात, कारभारी मरेपर्यंत हलत नाहीत. कोण उशिरा आलं, कोणाच्या टोपीला नवी फीत आहे, कोणाचं पोट वाढलंय, सगळं तिथून दिसतं.

एर्लिसचं पोट तिथूनच दिसलं होतं.

एर्लिस म्हणजे नेस्टाची आई. एकसष्ट सालची गोष्ट. एकोणीस वर्षांची पोर, दुकानात लोणी तोलायची, आवाज असा की रविवारी लोक तिच्या बाकाच्या पुढे बसायला धडपडायचे. तिला दिवस गेले. आमच्याकडे अशा पोरीला 'तोडत' असत. बुधवारच्या सभेत सगळ्यांसमोर मोठ्या आसनापुढे उभं करायचं, थोरल्या कारभाऱ्याने तिचं पाप वाचून दाखवायचं, मंडळींनी हात वर करायचे, की झाली ती बाहेर. त्या वेळी थोरले कारभारी होते टॉमोस बेनन. आणि पोटातलं पोर होतं त्यांच्या मुलाचं, इडवालचं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. सभेच्या आदल्या संध्याकाळी इडवालने तिला नदीकाठी गाठलं आणि हात धरून म्हणाला, "तू माझं नाव घेऊ नकोस. मी स्वतः उभा राहून सांगतो. बाबांना माझ्याच तोंडून कळायला हवं." तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी टॉमोस बेननने तीनतीनदा विचारलं, "बाप कोण?" ती गप्प राहिली, इडवालकडे बघत. इडवाल तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसला होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आपला हात वर केला. एर्लिसच्या आईनेही केला, म्हणा. पण ती बिचारी रडत होती.

एर्लिस शेजारच्या खोऱ्यात मावशीकडे राहिली, तिथे नेस्टा झाली. दोन-तीन वर्षांनी परत आली, शाळेच्या खानावळीत मोठमोठी पातेली घासायला लागली, आणि हेर्मोनचा उंबरठा पुन्हा कधी चढली नाही. स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलासुद्धा ती बाहेर भिंतीशी उभी राहिली, नऊ वर्षांच्या नेस्टाचा हात धरून. आत गाणं चाललं होतं. नेस्टाने विचारलं, "आपण आत का नाही जात?" एर्लिस म्हणाली, "आपल्याला तिथे घेत नाहीत." एवढंच. पोरगी हट्टी होती. तिने हे कोणाकोणाकडून खोदून काढलं. इडवालचे कान आणि तिचे कान एका साच्यातले आहेत हे तर आंधळ्यालाही दिसावं, पण ब्लेनार्थमध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि बोलत कोणी नाही. बोललं तर उद्या त्याच शेजाऱ्याकडे लोणी कुठल्या तोंडाने मागणार?

तर मोठं आसन नेस्टाने ठेवलं ते यासाठी. इडवालने तिथे उभं राहून, सगळ्या गावासमोर, आई जिवंत असताना, 'ही माझी मुलगी' एवढं म्हणायचं. आणि त्यानंतर गावाने त्याच्या तोंडावर थुंकायचं. एर्लिसचं हृदय दमत चाललं होतं, डॉक्टर आता गोळ्या बदलायच्या भानगडीतही पडत नव्हता. म्हणून नेस्टाने हातातली बाकीची कामं सोडली आणि हेर्मोनच्या मागे लागली.

आणि काय काम केलं! सूड सूड म्हणतात, पण असा सूड मी पाहिला नाही. भिंतींवर कोणी शहाण्याने सिमेंट फासलं होतं, त्यामुळे आतली ओल आतच कुजत होती. तिने ते टोचून टोचून काढलं आणि चुन्याचा गिलावा केला, भिंत पुन्हा श्वास घेऊ लागली. बाकांच्या फळ्यांची स्वयंपाकघरातली कपाटं केली. त्यांच्या कडांवर पोरांनी प्रवचन चालू असताना कोरलेली नावं तशीच ठेवली. गॅलरीत झोपायच्या खोल्या, ऑर्गनच्या जागी न्हाणीघर. पाद्रीची तयारीची खोली आईसाठी, खालीच, जिने नकोत म्हणून. कमानीवर सोनेरी अक्षरांत 'देव प्रीती आहे' लिहिलेलं होतं, काजळीने काळं पडलेलं. ते तिने कापसाच्या बोळ्यांनी एकेक अक्षर पुसून उजळलं. आणि मोठ्या आसनाच्या मधोमध जेवणाचं टेबल मांडलं.

इडवाल रोज सकाळी बघायला यायचा. तो आता हेर्मोनचा शेवटचा उरलेला कारभारी, काठी टेकत, नीट दाढी केलेला, गळ्याला टाय. शेतीची अवजारं विकून चांगला सुखात राहिलेला माणूस. एर्लिसच्या मुलीशी आपलं काही नातं नाही, असं आतापर्यंत त्याने मनाला इतकं समजावलं होतं की ते त्याला खरंच वाटायला लागलं होतं. नेस्टा म्हणजे त्याच्या लेखी फक्त एर्लिस हॉवेल्सची हुशार मुलगी.

"कठड्याला वॉर्निश नको हं लावूस," तो सांगायचा. "बाबांचे हात लागून लागून गुळगुळीत झालाय तो."

"नाही लावत, मिस्टर बेनन."

"पुण्याचं काम करतेयस, पोरी."

"चहा घेणार?"

तो घ्यायचा, वर बिस्किटही घ्यायचा. नेस्टा दातओठ खाऊन परत शिडीवर चढायची. तिच्या हाताखाली काम करणारा सुतार ह्यू मला म्हणाला होता की इडवाल येऊन गेला की बाई दुप्पट काम करते, म्हणून रोज यावा असंच त्याला वाटायचं.

आईला तिने शेवटी सांगितलं. एर्लिस चुलीजवळ पायावर पांघरूण घेऊन बसली होती, बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

"शनिवारी सगळ्यांना चहाला बोलावलंय. तुला यायचंय."

"मी तिथे पाऊल ठेवत नाही, माहितेय तुला."

"ते चॅपल नाही आता, आई. माझं घर आहे. तुझं घर आहे. तुझ्या खोलीला निळा रंग दिलाय."

"इडवालला बोलावलंयस?"

"दोन शब्द बोलायला सांगितलंय. आसनावर उभं राहून."

एर्लिसने पायावरचं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "शिळ्या कढीला ऊत आणू नकोस, नेस्टा. मी ते कधीच गिळून टाकलंय."

"मी नाही गिळलेलं."

"तुझं काय गेलं गं त्यात? उभी मी होते तिथे."

"मी पण होते की," नेस्टा म्हणाली. "तुझ्या पोटात."

यावर एर्लिस हसली, आणि हसतानाच तिला धाप लागली. शनिवारी ती आली. नेस्टाने तिला हाताला धरून आत आणलं, तेव्हा ती उंबरठ्यावर क्षणभर थांबली, पायाखाली बघितलं आणि मग आत आली. पाठच्या भिंतीजवळ, चुलीशेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "ऊब आहे. तेव्हा कधी नव्हती."

सगळं गाव लोटलं होतं. फुकटचा चहा आणि दुसऱ्याच्या घरात डोकावायची संधी, सोडतंय कोण? बायका कपाटं उघडून पाहत होत्या, पुरुष छताकडे बघून माना डोलावत होते, एकाला कपाटाच्या दारावर स्वतःचं कोरलेलं नाव सापडलं तेव्हा तो बायकोला बोलवायला धावला. टेबलावर सुक्या मेव्याचा गोड पाव, लोणी, तव्यावरचे गोड केक. इडवाल आला, मागोमाग त्याची बायको मॉरविथ, राखाडी कोट, तोंडात सुपारी धरल्यासारखी गप्प. आत येताच इडवाल जो चालत गेला तो सरळ मोठ्या आसनात, कठड्याच्या डाव्या टोकाला, आणि मंडळींकडे तोंड करून बसला. कोणाला सांगावं लागलं नाही. त्याचे पाय त्याला घेऊन गेले. पाहुणे टेबलाशी बसतात हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नेस्टाने चमचा कपावर वाजवला. "मिस्टर बेनन दोन शब्द बोलतील."

बोलायला त्याला आवडायचंच. तो उठला, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि हेर्मोनचा इतिहास सांगू लागला. दगड कोणी वाहिले, पहिला पाद्री कोण, मोठ्या हिवाळ्यात छप्पर कसं वाचवलं. आवाज अजून खणखणीत होता. म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या.

"एक गोष्ट राहिली," नेस्टा म्हणाली. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. "एकसष्टची. बुधवारची सभा. माझ्या आईला इथून तोडलं ती."

कप बशीवर ठेवल्याचे आवाज आले.

"ती... ती फार जुनी गोष्ट," इडवाल म्हणाला.

"तुमच्या वडिलांनी विचारलं होतं, बाप कोण. उत्तर आलंच नाही. तुम्ही तेव्हा तिसऱ्या बाकावर होतात. आज बाक नाही, तुम्ही आहात. सांगता का?"

इडवालने खोलीभर नजर फिरवली, सुटका शोधत. ती मॉरविथवर थांबली. तिने कोटाची बटणं लावत लावत शांतपणे म्हटलं, "सांग रे बाबा. लग्नाच्या दिवसापासून मी वाट बघतेय. मला पण ऐकू दे."

नेस्टाला पुढचं सगळं दिसत होतं. आता तो अडखळेल, खोटं बोलेल, मग नाइलाजाने कबूल करेल, आणि सगळ्यांसमोर उघडा पडेल. याच क्षणासाठी तिने चुना कालवला होता, अक्षरं पुसली होती. आणि इडवाल बोलला.

"मी," तो म्हणाला. "मी बाप आहे. ही माझी मुलगी आहे."

तिथे थांबला असता तर बरं होतं. पण पाठीशी व्यासपीठ, हाताखाली बापाने गुळगुळीत केलेला कठडा, समोर भरलेली मंडळी. त्याच्या आतला कारभारी जागा झाला. तो रडू लागला, आणि रडता रडता त्याचा आवाज चढत गेला. भेकडपणाबद्दल बोलला, बापाच्या भीतीबद्दल बोलला, रोज रात्रीच्या जागरणाबद्दल बोलला. खरं की खोटं देव जाणे, गावात तरी तो घोरण्यासाठी प्रसिद्ध होता. "मी पापी आहे, भावांनो," तो म्हणाला, आणि पहिल्या रांगेतली कोणीतरी म्हातारी हळूच म्हणाली, "आमेन."

आणि नेस्टाला कळलं की तिचं काय चुकलं. आमच्यात नियमच आहे. मोठ्या आसनात उभं राहून जो पाप कबूल करतो, त्याला मंडळी परत घेतात. उजवा हात पुढे करायचा, सगळ्यांनी तो हातात घ्यायचा, आणि पाटी कोरी. इतक्या वर्षांत ती ते विसरली होती, कारण तिच्या घरातलं कोणी कधी परत घेतलं गेलं नव्हतं. आसन तिने इतकं चांगलं जपलं की ते आपलं जुनं काम करू लागलं. लोक उठत होते. पुरुष नाक शिंकरत होते. एकजण तर म्हणाला, "याला म्हणतात माणूस." तिच्या सापळ्यात उंदीर आला होता आणि गाव त्याला लोणी भरवत होतं. 

इडवाल कठड्याचं छोटं दार उघडून बाहेर आला. गर्दी बाजूला झाली. तो सरळ एर्लिसच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला. गाल ओले, चेहरा मोकळा झालेला, तरुणपणीचा देखणेपणा पुन्हा आल्यासारखा.

"एर्लिस," तो म्हणाला. "मला परत घे."

एर्लिसने कप मांडीवर धरलेला होता. तिने वर बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

"छान बोललास," ती म्हणाली. "आवाज तुझा पहिल्यापासून चांगला."

"एर्लिस..."

"हा आवाज मला त्या बुधवारी हवा होता. तुला होता, पण घशात ठेवलास. आता मी काय करू त्याचं?"

"मी सगळ्यांसमोर कबूल केलं. इथे, आसनात."

"कुठल्या आसनात?" एर्लिसने हनुवटी वर करून तिकडे दाखवलं. "ते टेबल आहे, इडवाल. त्यावर माझी लेक सकाळी लापशी खाते. तिकडे गाद्या घातल्यात, वर तिची न्हाणी आहे. पाद्रीच्या खोलीत माझा पलंग आहे. हे चॅपल नाही राहिलं. इथे माफी मिळत नाही. घर आहे हे, आणि घरात कोणाला घ्यायचं ते घरचे ठरवतात."

त्याचा हात तसाच पुढे राहिला. कोणाला कुठे बघावं कळेना. जे उठले होते ते हळूहळू खाली बसले, काहींनी उगाच केकचा तुकडा उचलला. आमेन म्हणणारी म्हातारी आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. कोणी त्याचा हात हातात घ्यायला पुढे आलं नाही, कारण एर्लिस खरं बोलत होती आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

"हात खाली घे आता," एर्लिस म्हणाली. "आणि घरी जा. मला दम लागलाय."

मॉरविथने त्याची काठी आणून त्याच्या हातात दिली. पण ती स्वतः मात्र निघाली नाही. एर्लिसच्या शेजारची खुर्ची ओढून ती बसली, कोटाची बटणं पुन्हा सोडली आणि म्हणाली, "मी चहा संपवून येते. तू हो पुढे."

इडवाल एकटाच दाराकडे चालला. नेस्टाने दार उघडून धरलं. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं, कित्येक वर्षांच्या उपाशी माणसाला पोटभर जेवल्यावर वाटावं तसं. आईबद्दल तिला थोडी लाजही वाटत होती, कारण आई सगळं गिळून बसली आहे असं ती समजत आली होती, आणि आईने काहीच गिळलेलं नव्हतं.

उंबरठ्यावर इडवाल वळला. दिवसाउजेडात तो फार म्हातारा दिसत होता. 

"नेस्टा," तो म्हणाला. पोरी नाही म्हणाला, नाव घेतलं. "मी येऊ का कधी? एकटा? थोडा वेळ? बाप आहे गं मी तुझा."

"ते मला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, मिस्टर बेनन," नेस्टा म्हणाली. "आज गावालाही झालं. तेवढंच काम होतं तुमच्याकडे."

आणि तिने दार लावून घेतलं.